सल्ला सदर: घर टेक्सासला, परवाना न्यू जर्सीचा

एका वाचकाचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

"सप्रेम नमस्कार. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. गेली नऊ वर्षे न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो आणि २०१९ पासून क्लास ए सीडीएलवर (अवजड व्यावसायिक वाहनांच्या परवान्यावर) पेट्रोल-डिझेलचा टँकर चालवतो. ग्रीनकार्ड आहे. पत्नीला टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को येथे चांगली नोकरी मिळाली असून ती पुढच्या महिन्यातच जात आहे. मुलाची शाळा संपली की जूनमध्ये मी आणि तो जाऊ. तिथल्या एका इंधन वाहतूक कंपनीशी माझे बोलणे झाले आहे. परवान्याची मुदत अजून दीड वर्ष शिल्लक आहे. यार्डातले काही जण सांगतात की टेक्सासला पुन्हा रोड टेस्ट द्यावी लागेल, काही म्हणतात की ट्रेनिंग स्कूलचे प्रमाणपत्रसुद्धा लागेल. एका मित्राने सुचवले की इथल्या मावसभावाचा पत्ता परवान्यावर लावून ठेवावा आणि मुदत संपली की निवांत बदलावे. मला खरी काळजी हॅझमॅटची (परवान्यावरच्या धोकादायक माल नेण्याच्या परवानगीची) आहे, कारण ते गेले तर पगारच गेला. शेवटचे नूतनीकरण २०२३ मध्ये केले होते. मेडिकल कार्ड (तब्येतीच्या तपासणीचे प्रमाणपत्र) येत्या ऑगस्टमध्ये संपते. जाता जाता एक वेडगळ प्रश्न विचारतो: हा परवाना मला तिसऱ्या प्रयत्नात मिळाला होता, तर जुने कार्ड आठवण म्हणून ठेवून घेता येते का?"

तुमच्या यार्डातल्या मंडळींनी तुम्हाला ज्याची भीती घातली आहे ते होणार नाही, आणि मित्राने जे सोपे म्हणून सांगितले आहे ते मात्र करण्यासारखे नाही. रोड टेस्ट पुन्हा द्यावी लागणार नाही. ट्रेनिंग स्कूलमध्येही जावे लागणार नाही. हॅझमॅटची लेखी परीक्षा मात्र द्यावी लागेल असे धरूनच चाला. आणि मावसभावाचा पत्ता हा विषय आजच डोक्यातून काढून टाका. तेथूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे वेळापत्रक त्या एका गोष्टीवर बसते.

आपल्या लोकांचा या बाबतीत गोंधळ का होतो ते मी समजू शकतो. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने दिलेला परवाना देशभर चालतो. सांगलीच्या आरटीओचा परवाना खिशात ठेवून माणूस बंगळुरूत वर्षानुवर्षे राहतो आणि गाडी चालवतो, पत्ता बदलण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेत परवाना राज्य देते, पण सीडीएलचा नियम संघराज्याचा आहे, आणि तो ज्या कारणासाठी आला ते कारण तुमच्या मित्राच्या सल्ल्याच्या अगदी जवळचे आहे. १९८६ च्या आधी इथे अवजड वाहनांचे अनेक चालक दोन-तीन राज्यांचे परवाने एकाच वेळी बाळगत असत. एका राज्यात दंड झाला की तो त्या परवान्यावर, दुसरा दुसऱ्यावर, म्हणजे कोठल्याच परवान्यावर गुन्ह्यांची संख्या वाढत नसे. १९८६ च्या कायद्याने एका चालकाला एकच परवाना असे ठरवले, आणि १ एप्रिल १९९२ पासून सीडीएलशिवाय अवजड वाहन चालवणे बंद झाले. सगळ्या राज्यांच्या नोंदी एकमेकांना जोडणारी सीडीएलआयएस नावाची यंत्रणा त्यासाठीच उभी राहिली. तेव्हा चालक एका राज्यात राहतो आणि परवाना दुसऱ्या राज्याचा दाखवतो, ही गोष्ट या व्यवस्थेला किरकोळ वाटत नाही, कारण नेमके तेच थांबवण्यासाठी ती जन्मली.

नियम असा आहे की नव्या राज्यात अधिवास झाल्यापासून ३० दिवसांच्या आत तेथे सीडीएलसाठी अर्ज करावा लागतो. काही राज्ये याहून कडक आहेत. कॅलिफोर्नियात हीच मुदत १० दिवसांची आहे. टेक्सासमध्ये तुमच्या पत्नीला साध्या परवान्यासाठी ९० दिवस मिळतात, आणि तिच्या कचेरीतले लोक तुम्हालाही तोच आकडा सांगतील. तो तुम्हाला लागू नाही, तुमचे ३० दिवसच.

पण हे ३० दिवस कधीपासून मोजायचे, हा प्रश्न तुमच्या बाबतीत खरोखर विचार करण्यासारखा आहे, कारण तुमचे घर काही महिने दोन ठिकाणी असणार. नियमात अधिवासाची व्याख्या आहे: जेथे माणसाचे खरे, कायमचे घर आणि मुख्य वास्तव्य आहे, आणि बाहेर गेला तरी जेथे परत येण्याचा त्याचा इरादा असतो, ते राज्य. पत्नी फ्रिस्कोला गेली, भाडेकरार झाला, तुम्ही एखाद्या शनिवार-रविवारी सामान पोहोचवून आलात, एवढ्याने तुमचा अधिवास हलत नाही. जूनपर्यंत मुलाची शाळा, तुमची नोकरी आणि रात्री पाठ टेकण्याची जागा न्यू जर्सीत आहे, म्हणून तुमचा परवानाही तोवर न्यू जर्सीचाच योग्य आहे. जूनमध्ये ज्या दिवशी तुम्ही मुलाला घेऊन, इकडची खोली सोडून निघाल आणि तिकडे पोहोचाल, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. घड्याळ त्या दिवशी सुरू होते. नव्या कंपनीत कामाला लागल्याचा दिवस पुढेमागे झाला तरी त्याने ही तारीख बदलत नाही.

मावसभावाच्या पत्त्यात काय बिघडते, असे तुम्ही मनातून विचारत असाल. अर्जात खोटी माहिती दिल्याचे आढळले तर राज्याला तुमचे सीडीएल किमान ६० दिवसांसाठी बंद करावे लागते, आणि फसवणुकीचा गुन्हा सिद्ध झाला तर किमान एक वर्ष. पण मला त्याहून मोठी भीती दुसरीच वाटते. तुम्ही पेट्रोलचा टँकर चालवता. देव न करो, पण उद्या टेक्सासच्या रस्त्यावर चूक तुमची नसतानाही अपघात झाला, तर समोरच्याचा वकील सर्वांत आधी तुमच्या परवान्यावरचा पत्ता वाचेल आणि मुलाच्या शाळेचा पत्ता त्याच्या शेजारी ठेवेल. त्यानंतर चूक कोणाची होती हा मुद्दा मागे पडतो आणि तुमचा खरेपणा हाच मुद्दा होतो. दीड वर्षाची निवांती एवढी महाग घेऊ नये.

आता परीक्षांचे. एका राज्याचे वैध सीडीएल दुसऱ्या राज्यात बदलून घेताना गाडी चालवून दाखवण्याची परीक्षा सहसा पुन्हा घेतली जात नाही. तुमचा वर्ग आणि टँकरचे एन्डॉर्समेंट, म्हणजे परवान्यावरची खास परवानगीची नोंद, नव्या परवान्यावर जसेच्या तसे येते. ट्रेनिंग स्कूलची अफवा कोठून आली तेही लक्षात येते. ७ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदा क्लास ए किंवा बी घेणाऱ्याला, किंवा पहिल्यांदाच हॅझमॅट, प्रवासी वाहन अथवा स्कूलबसचे एन्डॉर्समेंट घेणाऱ्याला नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण घ्यावे लागते. तुमचा परवाना २०१९ चा आहे, तेव्हा तो नियम तुम्हाला शिवत नाही. यार्डात नव्याने आलेल्या मुलांचा अनुभव जुन्या चालकांना लागू करून टाकण्याची सवय सगळीकडेच असते.

एक गोष्ट मात्र जाणून घ्या: एन्डॉर्समेंटबरोबर मर्यादाही सोबत येतात. तुम्ही रोड टेस्ट ऑटोमॅटिक ट्रकवर दिली असेल तर परवान्यावर 'ई' हे अक्षर असेल, आणि राज्य बदलले म्हणून ते पुसले जात नाही. नव्या कंपनीकडे गिअरचे ट्रक असतील तर हे आत्ताच विचारून ठेवा.

हॅझमॅटवर थोडे थांबून लिहितो, कारण पगाराचा प्रश्न तेथेच आहे.

हॅझमॅटचे दोन भाग असतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला भाग ज्ञानाचा, म्हणजे लेखी परीक्षा. दुसरा भाग सुरक्षेचा, म्हणजे टीएसए या संघराज्याच्या वाहतूक सुरक्षा संस्थेकडून होणारी तुमची पार्श्वभूमी पडताळणी, जिच्यासाठी बोटांचे ठसे दिले होते. राज्य बदलताना या दोन भागांचे नशीब वेगवेगळे असते.

लेखी परीक्षेचा नियम असा की हॅझमॅट कायम ठेवायचे असेल तर नव्या राज्यात ती पुन्हा उत्तीर्ण व्हावी लागते. मागील दोन वर्षांत ती परीक्षा दिलेली असेल तर सवलतीची तरतूद आहे, पण तुमचे नूतनीकरण २०२३ चे, म्हणजे तो काळ उलटून गेला. कंपनीने दर तीन वर्षांनी दिलेले हॅझमॅटचे प्रशिक्षण ही वेगळी गोष्ट आहे. त्याचे प्रमाणपत्र जवळ ठेवा, पण त्याच्या भरवशावर परीक्षा टळेल असे समजू नका. परीक्षा ३० प्रश्नांची असते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ८० टक्के, म्हणजे २४ उत्तरे बरोबर यावी लागतात. सहा-सात वर्षे रोज टँकर भरणाऱ्या माणसाला ही परीक्षा सोपी वाटते आणि म्हणूनच तो नापास होतो. तुम्हाला पेट्रोलच्या टँकरवरचा १२०३ क्रमांकाचा फलक झोपेत ओळखता येतो, पण परीक्षेत विषारी वायू, स्फोटके, किरणोत्सर्गी पदार्थांचे अंतर, शिपिंग पेपर केबिनमध्ये नेमके कोठे ठेवायचे, असे तुमच्या रोजच्या कामात कधीच न येणारे प्रश्न विचारतात. टेक्सासच्या व्यावसायिक चालक पुस्तिकेतील हॅझमॅटचे प्रकरण दोनदा वाचा. न्यू जर्सीचे जुने पुस्तक घरात असले तरी टेक्सासचेच वाचा.

सुरक्षा पडताळणीची बातमी बरी आहे. एका राज्यात झालेल्या पडताळणीची मुदत शिल्लक असेल, तर ती मुदत संपेपर्यंत नव्या राज्याने पुन्हा नवी पडताळणी मागू नये असा संघराज्याचा नियम आहे. ही मुदत जुन्या राज्याने ठरवलेली, जास्तीत जास्त पाच वर्षांची. तुमची पडताळणी २०२३ मध्ये झाली असल्याने ती संपलेली नाही. टीएसएकडून तेव्हा आलेले पत्र किंवा ईमेल शोधून त्याची छापील प्रत काढा आणि टेक्सासच्या खिडकीवर "पडताळणी झालेली आहे, मला ती हस्तांतरित करायची आहे" असे स्पष्ट शब्दांत सांगा. न सांगता केवळ अर्ज पुढे सरकवला तर समोरचा कर्मचारी तुम्हाला नवा अर्जदार समजण्याची शक्यता असते. कोणाचीही पडताळणी नव्याने करण्याची वेळ आली तर टीएसएचा स्वतःचाच सल्ला आहे की गरजेच्या किमान ६० दिवस आधी अर्ज करावा. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो ३० दिवसांच्या घड्याळाच्या दुप्पट आहे.

टेक्सासचा परवाना हाती आला पण त्यावर हॅझमॅट नाही, असा काही दिवसांचा खंड पडला तर त्या दिवसांत तुम्ही पेट्रोल नेऊ शकत नाही. डिझेल चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. चालत नाही. टँकरभर डिझेललाही १९९३ क्रमांकाचा धोक्याचा फलक लागतो, आणि फलक लागला की हॅझमॅट लागते. पाणी, दूध, खाद्यतेल अशा मालाचा टँकर मात्र नुसत्या टँक एन्डॉर्समेंटवर नेता येतो. म्हणून नव्या कंपनीशी आजच स्पष्ट बोला: "परवाना बदलताना हॅझमॅटला काही दिवस उशीर झाला तर त्या काळात मला दुसरे काय काम द्याल?" उत्तर पत्रात किंवा ईमेलमध्ये घ्या. तोंडी "बघू, करू काही तरी" हे डिस्पॅचरचे उत्तर त्याच्या सुट्टीच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

तुमच्याकडे बंदरे आणि इंधन टर्मिनलसाठीचे ट्विक कार्ड असेलच. ते संघराज्याचे असल्याने राज्य बदलल्याने त्याला काही होत नाही. त्याची मुदत तेवढी पाहून ठेवा.

मेडिकल कार्डाबाबत माझे मत स्पष्ट आहे: ऑगस्टची वाट पाहू नका, मे महिन्यात न्यू जर्सीतच तपासणी करून घ्या. राज्य बदलणे आणि मेडिकल संपणे या दोन गोष्टी एकमेकांच्या अंगावर आल्या की कोणत्या राज्याच्या नोंदीत काय पोहोचले याचा गुंता होतो, आणि मेडिकलची नोंद दिसली नाही तर राज्य सीडीएलचा दर्जा खाली आणते, म्हणजे तुमच्या हातात साधा मोटारीचा परवाना उरतो. २३ जून २०२५ पासून तपासणीचा निकाल डॉक्टरांनी संगणकावरून अशा तपासनीस डॉक्टरांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पाठवायचा आणि तेथून तो राज्याकडे जायचा, अशी पद्धत आली आहे. तरीही प्रमाणपत्राची कागदी प्रत मागून घ्या आणि टेक्सासला जाताना सोबत ठेवा. तपासणी करणारा डॉक्टर राष्ट्रीय नोंदवहीतला असला पाहिजे. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरचे नाव तेथे नसेल तर त्याचे प्रमाणपत्र चालत नाही. प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांचे मिळते. रक्तदाब किंवा साखर असेल तर डॉक्टर एकच वर्ष देऊ शकतो, त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

याच्याच जोडीला अर्जात एक स्वयंघोषणा भरायची असते: तुम्ही आंतरराज्य वाहतूक करणार की राज्यांतर्गत, आणि मेडिकलची अट तुम्हाला लागू आहे की सूट आहे. चार पर्याय असतात. नवी कंपनी फक्त डॅलसच्या आसपासच्या पंपांना माल पोहोचवते म्हणून 'राज्यांतर्गत' वर खूण करण्याचा मोह होईल. करू नका. तसे केले तर परवान्यावर राज्याबाहेर न जाण्याची मर्यादा येऊ शकते, आणि उद्या कंपनीने ओक्लाहोमाची एक फेरी सांगितली तर तुम्हाला यार्डात उभे राहावे लागेल. शिवाय टँकर राज्याची हद्द ओलांडत नसला तरी आतला माल बाहेरून आलेला असेल तर ती वाहतूक आंतरराज्य धरली जाऊ शकते. तुमच्यासाठी योग्य पर्याय म्हणजे आंतरराज्य आणि सूट नसलेला.

आता थोडे नावाविषयी, कारण हे मराठी माणसांचे खास दुखणे आहे. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असते. इकडे आल्यावर एका कागदावर वडिलांचे नाव मधले नाव होते, दुसऱ्यावर ते पहिल्या नावाला चिकटते, तिसऱ्यावर नुसते आद्याक्षर उरते. मी स्वतः बरीच वर्षे ट्रक चालवला आणि एकदा राज्य बदलताना याच कारणाने जवळजवळ तीन आठवडे घरी बसलो. सोशल सिक्युरिटी कार्डावर माझे आणि वडिलांचे नाव एकत्र जोडलेले होते, परवान्यावर वडिलांच्या नावाचे फक्त एक अक्षर. खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही कार्डे शेजारी शेजारी ठेवली, पेनाच्या टोकाने त्या एका अक्षरावर टिचकी मारली आणि कागद परत केले. चूक त्यांची नव्हती. सीडीएलच्या अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावाच लागतो आणि नाव त्या क्रमांकाशी ताडून पाहिले जाते. तुमची सगळी कार्डे आज रात्रीच जेवणाच्या टेबलावर मांडा: ग्रीनकार्ड, सोशल सिक्युरिटी, परवाना, मेडिकल, ट्विक. एका अक्षराचाही फरक असेल तर तो न्यू जर्सीत असतानाच दुरुस्त करा.

तसेच जुना हिशेब चुकता करून निघा. नवे राज्य परवाना देण्यापूर्वी मागील दहा वर्षांत तुमच्याकडे ज्या ज्या राज्याचा परवाना होता तेथील नोंद मागवते, आणि ज्यांचे परवाने निलंबित आहेत अशा चालकांच्या राष्ट्रीय यादीतही तुमचे नाव पाहते. न्यू जर्सीत येण्यापूर्वी अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्यात राहिला असाल आणि तेथील एखादा दंड विसरला असाल, तर तो या खिडकीवर उगवतो. न्यू जर्सीच्या मोटार वाहन आयोगाकडून, म्हणजे एमव्हीसीकडून, १५ डॉलर भरून तुमच्या नोंदीचा उतारा आधीच काढा आणि स्वतः वाचा. त्याच बैठकीत ड्रग अँड अल्कोहोल क्लिअरिंगहाऊसच्या, म्हणजे चालकांच्या अमली पदार्थ आणि मद्य चाचण्यांच्या संघराज्याच्या नोंदींच्या, खात्यात लॉगिन करून तुमची स्थिती पाहा. १८ नोव्हेंबर २०२४ पासून तेथे प्रतिबंधित असलेल्या चालकाचे सीडीएल राज्यांना खाली आणावेच लागते. तुमचे काही असेल असे मला मुळीच वाटत नाही, पण नव्या कंपनीला चौकशीसाठी तुमची संमती त्याच खात्यातून लागेल, तेव्हा पासवर्ड तरी चालतो ना एवढे कळेल.

आणि घरच्या मोटारीला विसरू नका. तुम्ही म्हणाल, सीडीएलच्या प्रश्नात मोटार कोठून आली? टेक्सासमध्ये दुसऱ्या राज्याचा परवाना जमा करून नवा घेणाऱ्याला स्वतःच्या मालकीच्या प्रत्येक गाडीची टेक्सासमधील नोंदणी दाखवावी लागते. ती नोंदणी परवाना देणाऱ्या डीपीएसच्या कार्यालयात होत नाही, काउंटीच्या कर कार्यालयात होते. तिच्यासाठी टेक्सासचा विमा लागतो आणि १३०-यू नावाचा फॉर्म लागतो. फ्रिस्को हे कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंटींत पसरलेले आहे, आणि या दोन्ही काउंटींत मोटारीच्या धुराची चाचणीही करावी लागते. हे सगळे आधी, परवान्याची खिडकी नंतर. कितीतरी चालक सगळे कागद घेऊन डीपीएसला जातात आणि घरच्या गाडीच्या नंबरप्लेटपायी परत येतात. त्यातही न्यू जर्सीच्या प्लेट एमव्हीसीला परत करून पावती घेतल्याशिवाय तिकडचा विमा बंद करू नका. विमा बंद आणि नोंदणी चालू अशी स्थिती झाली की त्यांच्या लेखी गाडी विम्याविना राहते, नोटिसा जुन्या पत्त्यावर जातात आणि प्रकरण परवान्याच्या निलंबनापर्यंत जाऊ शकते. मग टेक्सासची खिडकी तेच निलंबन पाहील.

डीपीएसची अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते आणि डॅलसच्या आसपास ती पुष्कळ पुढची मिळते. जूनमध्ये पोहोचून मग शोधायला बसलात तर ३० दिवस तेथेच संपतील. तेव्हा मार्च-एप्रिलमध्येच जूनच्या शेवटची तारीख धरून ठेवा. एखादी आधीची तारीख मोकळी होते का हे पत्नीला सकाळी सकाळी पाहायला सांगा, कारण त्याच दिवसाच्या काही अपॉइंटमेंट सकाळी खुल्या होतात.

रहिवासाचे दोन पुरावे लागतात. भाडेकरार पत्नीच्या एकटीच्या नावावर झाला तर अडचण होईल, म्हणून करारातच तुमचेही नाव घालून घ्या आणि विजेची जोडणी तुमच्या नावाने घ्या. करार आधीच झाला असेल तर एकाच पत्त्यावर राहणाऱ्या जोडीदाराने प्रतिज्ञापत्र देण्याची सोय टेक्सासमध्ये आहे, मात्र त्या दिवशी पत्नीला रजा काढून सोबत यावे लागेल असे धरा. ग्रीनकार्ड मूळच न्या, त्याची छायाप्रत कोणी पाहत नाही. खिडकीवर डोळ्यांची तपासणी होते, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, हॅझमॅटची लेखी परीक्षा तेथेच संगणकावर देता येते. बाहेर पडताना हातात एक कागदी तात्पुरता परवाना मिळतो आणि प्लास्टिकचे कार्ड नंतर टपालाने येते. त्या कागदावर वर्ग, टँक, हॅझमॅट ही अक्षरे बरोबर छापली आहेत का, ते खिडकीसमोरून हलण्यापूर्वी वाचा. पार्किंगमध्ये पोहोचल्यावर चूक दिसली तर पुन्हा रांग. त्या कागदाची प्रत त्याच दिवशी कंपनीच्या सेफ्टी विभागाला पाठवा. त्यांच्या फाइलमध्ये न्यू जर्सीचा परवाना राहिला तर गोंधळ त्यांचा होईल, पण गाडी तुमची थांबेल.

येथे इतर वाचकांसाठी एक सूचना. वरील सगळे नागरिक आणि ग्रीनकार्डधारक यांच्यासाठी आहे. वर्क परमिटवर नॉन-डोमिसाइल्ड, म्हणजे अमेरिकेत कायमचा अधिवास नसलेल्यांसाठीचे, सीडीएल घेतलेल्यांची वाट वेगळी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्यासाठीचे नियम फार कडक केले गेले आणि ते प्रकरण न्यायालयातही गेले. त्यांनी राज्य बदलण्यापूर्वी, म्हणजे घर सोडण्यापूर्वीच, इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावे. हातातले कार्ड एकदा जमा केले की ते परत मागता येत नाही.

आणि तेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचेही उत्तर आहे, जो मला मुळीच वेडगळ वाटला नाही. जुना परवाना जमा करावाच लागतो. एका चालकाकडे एकच परवाना, हा नियम त्या कार्डालाही लागू आहे. टेक्सासची नोंद झाली की न्यू जर्सीची नोंद यंत्रणेत बंद होते, तेव्हा ते कार्ड जवळ राहिले असते तरी चालवण्याच्या कामाचे नव्हते. निघण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंची चांगली रंगीत प्रत काढून घ्या. एक प्रत अपॉइंटमेंटच्या फाइलमध्ये ठेवा, कारण नव्या परवान्यावर एखादे एन्डॉर्समेंट सुटले तर आधी काय होते हे दाखवायला ती लागेल. दुसरी सांगलीला घरी पाठवा.